मी चव बघत नाही

१० मे, शनिवार. सकाळी ७.१५

कारखान्याची डायरी जानेवारीत मिळाली, मे आला तरी कोरी. आजपासून रोज लिहिणार. घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. डायरी निदान मध्ये बोलत नाही.

सोनम १९ तारखेला येते आहे. सोमवारी दुपारी येणार, मंगळवारी सकाळच्या गाडीने परत. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येते आहे, बापाला भेटायला नाही. मग मस्कतला. तिथल्या हॉटेलात स्वयंपाकाचं काम, दोन वर्षांचा करार. हे सगळं मला तिच्या आईकडून कळलं. आईशी रोज फोनवर अर्धा अर्धा तास बोलते. माझ्याशी चौदा महिन्यांत एकदाही नाही.

कारण काहीच नाही. बिरोबाच्या जत्रेत मटणाची कढई एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. तीनशे माणूस जेवतं. आमच्यात नैवेद्य दाखवल्याशिवाय कढईतलं कुणी चाखत नाही, आचारीसुद्धा नाही. मीठ वासावर कळलं पाहिजे. मला कळतं. गेल्या वर्षी ही पोरगी सगळ्या भावकीसमोर आली, पळीभर रस्सा घेतला, फुंकून प्याली आणि म्हणाली, आप्पा, ह्यात मीठच न्हाय. पुण्याच्या हॉटेलात कांदे चिरते म्हणून हा रुबाब. मी पळी हिसकावली. बायकांचं इथं काम नाही, चालती हो, असं म्हणालो. देणगीदारांची नावं वाचायचा माईक शेजारीच चालू होता, त्याला मी काय करणार. सगळ्या जत्रेने ऐकलं. ती म्हणाली, तुमच्या हातचं परत खाणार न्हाय. आणि गेली.

मीठ व्यवस्थित होतं. तीनशे माणसं जेवली, कुणाची तक्रार नाही. काही जणांनी वरून मीठ मागून घेतलं, ती त्यांची सवय.

ठराव: १९ ला सोनम माझ्या हातचं खाणार. मी माफी वगैरे मागणार नाही. माफी मागण्यासारखं काही घडलेलंच नाही.

११ मे, रविवार

पदार्थ ठरला. क्रीमी सॉसेज पास्ता. सोनम पुण्याच्या हॉटेलात हाच करते. तिच्या आईच्या मोबाईलवर स्टेटसला फोटो होता, मी सहज बघितला. चार वेळा. पांढऱ्या रश्शात पुंगळ्या आणि मध्ये बोटाएवढे मटणाचे तुकडे. एवढ्यासाठी तीन वर्षं कॉलेज केलं.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, अवो, साधा मटणाचा रस्सा करा की. पोरीला लई आवडतो. मी म्हणालो, रस्सा नाही. रस्सा केला की विषय निघतो. ही म्हणाली, मग निघू द्या की एकदाचा. मी उठून गच्चीवर गेलो.

पुढे ही असंही म्हणाली की १९ ला सोमवार आहे, माझ्या स्वयंपाकघरात सोमवारी मटण शिजणार न्हाय. नको शिजू दे. मी कधी स्वयंपाकघरात शिजवलं आहे? गच्चीवर तीन दगडांची चूल मांडणार.

मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस दर मिनिटाला चमचा तोंडात घालतो आणि डोळे मिटतो. आचारी आहे की पाहुणा, कळत नाही. व्हिडिओ बंद केला. कृती समजली.

प्रमाणाचा प्रश्न जरा आहे. माझं प्रमाण तीनशे माणसांचं. मीठ दोन ओंजळी. दोन माणसांसाठी मोबाईलमध्ये भागाकार केला तर ०.०१३ ओंजळ आलं. मोबाईलला ओंजळ काय कळते. अंदाजाने टाकेन.

१२ मे, सोमवार. रात्री ८ ला, जेवणानंतर

सात रस्ता चौकाच्या बाजूला तीन दुकानं फिरलो. सॉसेज म्हणून फ्रीझरमधून जे काढून दाखवलं ते कोंबडीचं, गुळगुळीत, गुलाबी, सगळं एका मापाचं. जनावर होतं याचा काही पुरावा नाही. दुकानदाराला विचारलं, यात आहे काय? म्हणाला, मागं लिहिलंय वाचा. मी म्हणालो, तूच वाच. त्याने वाचलं नाही. पाकीट तिथेच आपटून आलो.

विचार केला तर सॉसेज म्हणजे काय? आतड्यात भरलेला खिमा. आमच्या सात पिढ्या मेंढरांमागे गेल्या. आतडं साफ करायला मला कुणी शिकवायचं? सॉसेज घरी करणार. हे सोनमच्या कॉलेजातसुद्धा कुणी करत नसेल.

१४ मे, बुधवार. संध्याकाळी ७

आज चाचणी. खाटकाकडून आतडी आणली. काडीवर उलटी करून मीठ-हळद लावून सात पाण्याने धुतली. हे काम एक नंबर झालं. खिम्यात लसूण, धणे, काळं तिखट. नरसाळ्यातून भरला, रवीच्या दांड्याने ढकलला, दर चार बोटांवर गाठ मारली. गाठींसाठी कारखान्यातलं टॉवेलचं सूत आणलं होतं. किरमिजी.

मोरीजवळ स्टोव्ह पेटवून उकळत्या पाण्यात सोडलं. पाच मिनिटांत पाणी गुलाबी. दहा मिनिटांत एकेक सॉसेज फट् फट् फुटला. खिमा पाण्यात, आतडी वर तरंगतायत, सगळं गुलाबी.

ही दारातून बघून म्हणाली, होळी झाली न्हवं कवाच?

बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बावीस वर्षं व्यापाऱ्यांना सांगतो आहे की आमच्या टॉवेलचा रंग जाणार नाही. डोकं इतकं फिरलं की पातेलं मोरीत उपडं केलं. मोरी अजून गुलाबी आहे.

१५ मे, गुरुवार

रंगखात्यातल्या शिवपुत्रला सगळ्यांसमोर झापलं. त्याने खालमानेने ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, सायेब, पण टॉवेल उकळून खातंय कोण? उद्धट माणूस.

अकलूजला येडूला फोन. येडू माझा मेहुणा, डेअरीत कामाला आहे. म्हणालो, शनिवारी ताजं, घट्ट क्रीम घेऊन ये. सॉसेजचं सांगितलं तर म्हणाला, दाजी, लई ठासून भरलं असणार तुमी. ढिलं भरा की, आन पाणी खळाखळा उकळू नका. मी म्हणालो, मला माहीत आहे. माहीत नव्हतं, पण मी तसंच करणार होतो.

ठराव: सूत पांढरं.

१७ मे, शनिवार. संध्याकाळी ५

येडू आला. बेचाळीस डिग्री उन्हात मोटारसायकलवर, मागे क्रीमचा डबा बांधून. झाकण उघडलं तर वर आंबूस पाणी आणि आत नारळाएवढा लोण्याचा गोळा. अकलूजपासून सोलापूरपर्यंत प्रत्येक खड्ड्यात ते घुसळलं गेलं.

मी जे बोललो ते लिहीत नाही. येडू म्हणाला, दाजी, डबा तुमीच मोटारसायकलवर आणायला सांगितला की. खरं आहे, पण इतक्या जोरात चालव असं मी म्हणालो नव्हतो.

ही मात्र खूष. कढवायला घेतलं. घरभर तुपाचा वास. या घरात माझं नुकसान झालं की तूप निघतं. येडू गरम तूप आणि भाकरी खाऊन चारला परत गेला.

१८ मे, रविवार. दुपारी १२.३०

सात रस्त्याजवळच्या केकच्या दुकानात क्रीम मिळालं. एक लिटरचा खोका, थंडगार. काउंटरवरची बाई म्हणायला लागली, सर, हे केकवर लावायचं हाय, ह्याच्यात... मी तिला तिथेच थांबवलं. म्हणालो, कशावर लावायचं ते माझं मी बघतो, मी तीनशे माणसांचा स्वयंपाक करतो. मग गप्प बसली. लोकांना स्वतःच्या दुकानातला माल विकायचाही आत्मविश्वास नाही.

पास्त्याची दोन पाकिटं घेतली. एकाची गरज पडेल. दुसरं उगाच.

संध्याकाळी ६

गच्चीवर दगड मांडले. खालच्या मजल्यावरची सिद्धम्मा वर आली. तिच्या कुरडया गच्चीवर वाळत आहेत. म्हणाली, अण्णा, उद्या सोमवार, आन माझ्या कुरडयांजवळ मटण करतासा? मी म्हणालो, गच्ची दोघांची आहे. ती म्हणाली, गच्ची दोघांची, धूर तुमचा एकट्याचा. मी म्हणालो, वारा कुठं जायचं ते मी ठरवत नाही. तिने कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. मला कन्नड येत नाही, पण कळलं.

आमची ही जिन्यात उभी राहून तिची बाजू घेत होती. घरात एक तरी माणूस माझ्या बाजूने असावा, ही अपेक्षा आता सोडली आहे.

सोनमने आईला फोनवर सांगितलं म्हणे, जेवणाचं काय करू नका, येताना पार्सल आणते. मी म्हणालो, तिला सांग, पार्सल आणलं तर गच्चीवरून खाली फेकीन. हिने तसं सांगितलं नाही. आप्पा तुझ्यासाठी काहीतरी करतायत, असं सांगितलं.  सोनम म्हणाली, बघू.

बघू म्हणजे काय? हो की नाही? दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडे चाललेल्या माणसाने बघू म्हणायचं? तेव्हापासून डोकं दुखतंय.

१९ मे, सोमवार. दुपारी १.४०

आली. केस कापले आहेत. बारीक झाली आहे, हॉटेलात सगळ्यांना खायला घालून स्वतः उपाशी राहत असणार. दारातच म्हणाली, कसे हाय आप्पा. मी म्हणालो, ठीक. आणि पेपर वाचायला घेतला. कालचा होता.

पार्सल आणलेलं नाही. बॅग नीट बघितली.

४.३५

सॉसेज तयार. अकरा केले. ढिले भरले, मंद आचेवर. पाच टिकले. पाच भरपूर झाले. पांढरं सूत पांढरंच राहिलं. सिद्धम्मा कुरडया गोळा करून खाली घेऊन गेली, एकही शब्द न बोलता. ते जास्त लागलं.

५.५०

पास्ता. जत्रेत भात टाकतो तसा पाण्यातच टाकला, झाकण ठेवलं, वर निखारे. वीस मिनिटांनी उघडलं तर खळ. कारखान्यात टॉवेलच्या उभ्या सुताला आम्ही लावतो तीच, तितकीच घट्ट, पळी उभी राहते. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं आहे. बारीक अक्षरात लिहितात, लबाड लोक.

दुसरं पाकीट टाकलं. दहा मिनिटं. घड्याळ हातात धरून उभा राहिलो. धुराने डोळ्यांत पाणी. धुरानेच.

६.४०

कढईत येडूचं तूप, लसूण, सॉसेज कापून परतले. क्रीम ओतलं, अर्धा खोका. उरलेलं फ्रिजमध्ये. मीठ वासावर टाकलं. वास उत्तम. नेहमीच्या मटणापेक्षा जरा वेगळा, आइस्क्रीमच्या दुकानात येतो तसा थोडासा. परदेशी पदार्थ आहे, वेगळा येणारच.

पानावर नैवेद्य काढून कठड्यावर ठेवला. कावळा आला. सॉसेज उचलला, पास्त्याला एकदा चोच लावली, मान झटकली आणि उडाला. कावळ्याला क्रीमची सवय नाही.

७.१०

सोनम वर आली. खाली फ्रिजमधून माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली होती, हातात एक चमचाही होता. कढईत बघितलं. सॉसेज बघून म्हणाली, हे तुमी घरी केले? मी म्हणालो, मग कोण करणार. कढईवर वाकून वास घेतला. मग म्हणाली, आप्पा, चव बघितली का?

तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा तेच. चौदा महिन्यांनी, माझ्याच गच्चीवर, पुन्हा तेच. मी म्हणालो, मी चव बघत नाही. एकतीस वर्षं बघितली नाही.

मला वाटलं आता चमचा कढईत घालणार. मी पळी घट्ट धरली होती. तिने चमचा खिशात टाकला आणि म्हणाली, वाढा मग. भूक लागली.

८.३०

खाल्लं.

पहिला घास घेतला तेव्हा मी कठड्याकडे तोंड करून उभा होतो.  वळलो तर ती चावत होती. हळूहळू चावत होती. मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तरी एकदा विचारलं. म्हणाली, मीठ बरोबर हाय.

मीठ बरोबर आहे. हिच्यासमोर म्हणाली. हिचा सोमवार, ही खिचडी खात होती, पण ऐकलं हिने. मी म्हणालो, ऐकलंस? ही म्हणाली, ऐकलं बाई. साक्षीदार आहे.

दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मधेच दोन तांबे पाणी प्याली. मला वाटलं आचाऱ्यासाठी काही ठेवेल. आचारी शेवटी जेवतो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. पण कढई जवळ ओढली आणि बोटाने पुसून संपवली. माझ्यासाठी एक पुंगळी नाही. इतकं राबून मला स्वतःला चाखायला मिळालं नाही. राग आलाच. म्हणालो, बापाचा काही विचार? ती म्हणाली, तुमचाच केला.

अर्थ कळला नाही. हॉटेलात राहून पोरं काहीही बोलायला शिकतात.

शेवटी शिळी भाकरी आणि दूध खाल्लं. पण झोप चांगली लागेल. हे काम मी करणार असं म्हणालो होतो, केलं. मस्कतमध्ये सांगेल चार लोकांत, माझे आप्पा सॉसेज घरी करतात.

२० मे, मंगळवार. सकाळी ७.१०

स्टेशनवर सोडून आलो. मोटारसायकलवर मागे बसली होती, बॅग मांडीवर. लहानपणी शाळेत सोडायचो तेव्हा पाठीला हनुवटी टेकवायची. आज नाही टेकवली. एकदा टेकवली, पण तो स्पीडब्रेकर होता.

गाडी सुटताना म्हणाली, जपून राहा आप्पा, चिडचिड करू नका. मी म्हणालो, मी कुठे चिडतो. हमालावर ओरडलो, तो मध्ये आला होता.

८.२०

भूक लागली. काल रात्री नीट जेवलो नाही. ही देवळात गेली आहे. फ्रिजमध्ये अर्धा खोका क्रीम आहे. विजयाचं आहे, वाया का घालवू? ताजी भाकरी, लसणाची चटणी, वर क्रीम घेतलं, दह्यासारखं भरपूर.

८.२५

गोड आहे.

८.३०

पुन्हा खाऊन बघितलं. गोड आहे. थोडं नाही. शिरा परवडला. खोका उलटा केला, बारीक अक्षरं वाचली. साखर दुसऱ्या नंबरला लिहिली आहे. त्या दुकानातली बाई तेच सांगत होती.

सोनमने पाणी काढायला फ्रिज उघडला होता. खोका समोरच होता. ती रोज क्रीम हाताळते. चमचा घेऊन वर आली ते त्यासाठी. मी पळी घट्ट धरून उभा होतो.

तीन वेळा घेतलं तिने. कढई पुसली. तुमचाच केला, म्हणाली.

८.५०

फोन केला. लागला. गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेली होती. काय बोलायचं ते सुचेना. विचारलं, पोट बरं आहे का? ती हसली. खूप वेळ हसली. म्हणाली, बरं हाय. आन आप्पा, फ्रिजमधलं क्रीम टाकून द्या, खाऊ नका. मी म्हणालो, कालच टाकलं. म्हणाली, बरं केलं. मग बोगीत आवाज वाढला, मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली.

९.१५

ताटातली भाकरी संपवली. चटणी आणि त्या क्रीमसकट. पोरीने तीन वेळा घेतलं, मला एक भाकरी जड नाही. दोन तांबे पाणी लागलं.

कारखान्याला उशीर झाला आहे. फोनवर राहिलं ते इथे लिहितो. गेल्या वर्षी जत्रेच्या रश्शात मीठ नव्हतं. टाकायला मी विसरलो होतो.